उंबराखालची विचारपूस

सायकली उभ्या करा आधी, आणि उंबराखाली टेकलेल्या त्या तुमच्या सोबत्याला विचारा, बरा आहेस ना म्हणून. ऊन काय म्हणतंय बघताय ना? तसेच पुढे निघाला होतात. इथं ते चालत नाही. या पाटाच्या कडेनं जाणारा, सायकलवर असो नाही तर बैलगाडीत, सावलीला कुणी दिसलं की थांबून विचारतो. आणि विचारलेल्यानं तोंडानं उत्तर द्यायचं, नुसती मान हलवून भागत नाही.

बंधाऱ्यापासून निघालेला हा दगडी पाट फार जुना. पूर्वी यावर झिपरू नावाचा पाटकरी होता, असं सांगतात. ज्याची पाळी त्याच्या शेताला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. माणूस सरळ. पण एका टंचाईच्या वर्षी कुजबुज सुरू झाली. म्हणे याची बायको गोजरा भाकरी घेऊन जाते, कानाशी लागते आणि पाणी तिच्या भावाच्या शेतात वळतं. सगळं खोटं, पण झिपरूच्या जिव्हारी लागलं. त्यानं देवळात अख्ख्या गावाला बेलभंडारा उचलायला लावला, की पाटाला पाणी चालू असताना पाटकऱ्याशी कुणी बोलायचं नाही. सगळ्यांत आधी गोजरानं उचलला. अब्रू तिचीच गेली होती ना.

मग चैत्रातल्या एका दुपारी झिपरू इथं आडवा झाला. ऊन लागलं होतं. हाक मारायचंही त्राण उरलं नव्हतं. माणसं येत होती, बघत होती, शपथ आठवून पुढे जात होती.

गोजरा भाकरी घेऊन आली. त्याचा श्वास तिला जड वाटला. "काय हो, बरं नाही का?" अगदी ओठांवर आलं होतं. पण पलीकडच्या बांधावर दोघी-तिघी बायका टक लावून उभ्या होत्या. आता बोललं, की त्या म्हणणार, बघा, होतंच ना खरं. तिनं शब्द गिळला, भाकरी आणि पाण्याचा लोटा त्याच्या उशाशी ठेवला आणि मागे न बघता घरी गेली.

दिवेलागणीला ती परत आली तेव्हा भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. लोटा भरलेलाच होता. ज्याची पाळी होती त्याचं शेत तुडुंब भरलं होतं.

झिपरू गेल्यावर गावानं ती शपथ मोडली, पण उपयोग काय? गोजरा रोज या उंबराखाली येऊन बसायला लागली. लाजेखातर म्हणा, भीतीनं म्हणा, येणारा-जाणारा तिला विचारायचा, "बरी आहेस ना, गोजरा?" तिनं कुणालाही, कधीही उत्तर दिलं नाही. बरीच वर्षं अशीच गेली. ती गेली त्या दिवशीही लोकांनी विचारलं, म्हणे. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. ती कधी बोलतच नाही, म्हणून सगळे पुढे गेले.

तेव्हापासून उत्तर कानावर पडल्याशिवाय इथून कुणी पाय काढत नाही.