वहाणांच्या ढिगामागची पोर

एका राज्यात डोंगरावर मरियामाउलीची इगर्जी होती, आणि खाली राजवाड्यात राजाची लेक पायांपासून दगड होत चालली होती. तिचं नाव कातरीन. पावलं झाली, गुडघे झाले, आता कंबर. वैद्य आले, जेवले, गेले.

इगर्जीच्या मनोऱ्यात एक पिंगळा राही. तो माणसासारखा बोले आणि खरं बोले, म्हणून त्याला कोणी काही विचारीत नसे. राजा बस्त्याव नाइलाजाने गेला.

पिंगळा म्हणाला, "तुझ्या पणज्याने ही इगर्जी बांधली. तेव्हा पाथरवटाची पोर दगडाखाली चिरडली. राजा म्हणाला, काम थांबवू नका. पोर निनावी पुरली, वर भिंत उठवली. पाथरवट जादू जाणत होता. त्याने पोरीला त्याच भिंतीत कोरलं आणि शाप घातला, हिला विसराल तर तुमच्या घरची लेक दगड होईल. तीन पिढ्या तुमच्यात लेक झाली नाही. आता झाली."

"उतारा?"

"तिला शोध. लोखंड न लावता मोकळी कर. मग तिला नाव दे."

राजाने सोन्याची वेदी पाहिली, चांदीचा क्रूस पाहिला, रंगीत संत पाहिले. सगळ्यांपुढची फरशी गुडघ्यांनी झिजलेली. विसरलेलं तिथे काहीच नव्हतं. शेवटी त्याने भिंतींना चुना मारणाऱ्या जुस्तीनबायला गाठलं.

"मागच्या दाराशी एक टेंगूळ हाय, महाराज," म्हातारी म्हणाली. "यात्रेकरू वहाणा तिथंच काढतात. मी दर सणाला त्यावर दोन हात जास्तच मारते. माउलीच्या घराला खडबडीत शोभत नाय."

"किती वर्षं?"

"मी पन्नास. त्याआधी माझी आय."

भक्ती ही अशी. हात चालतो, डोळा मिटलेला.

राजाने वहाणा उपसल्या. चुन्यावर पाणी मारलं आणि नखांनी खरवडू लागला. तीन दिवस लागले, नखं गेली. जुस्तीनबाय ओल्या फडक्याने पुसत होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. तिसऱ्या दुपारी वीतभर पोर निघाली. नाक बसकं, वेणी एकच, तोंड उघडं, हातात बापाची हातोडी. बाप कामात असला की मधेमधे करणारी पोर असते, तशी.

तोवर कातरीन गळ्यापर्यंत दगड झालेली. सोळा भोयांनी तिला वर आणलं.

"नाव," पिंगळा म्हणाला.

"आना," राजा घाईने म्हणाला. "लुसी. मोनिका."

दगड दगडच राहिला.

"वाटेवर पडलेली नावं देतोस होय? पणज्याचाच पणतू तू. तुझा जीव ज्यात आहे ते दे."

राजाने लेकीकडे पाहिलं. तसं नाव त्याच्याजवळ एकच होतं.

"माझं द्या, बाबा," लेक म्हणाली. तिचे ओठ जड झाले होते.

"मग तुला हाक काय मारू?"

"ते मागनं बघा. आधी मी जगते का ते बघा."

राजाने मातीत गुडघे टेकले आणि कोरलेल्या पोरीला हाक मारली, "कातरीन."

तिचं उघडं तोंड मिटलं. राजकन्येच्या अंगावरून दगडाची खपली उतरली आणि ती उठून उभी राहिली.

शाप फिटला. मागच्या दाराशी वहाणा काढायला बंदी झाली. मृतांच्या दिवशी पाद्री नावं वाचतो त्यात कातरीन हे नाव आलं. राजकन्येला दुसरं नाव ठेवून पाहिलं, पण एकही चिकटलं नाही. मरेपर्यंत राजाने लेकीला हाक मारली नाही. काही सांगायचं असलं, की म्हातारा उठून तिच्यापर्यंत चालत जाई.