विटका परकर आणि सात पिल्लं

रानाच्या कडेला, जिथे फुलपाखरंसुद्धा वाट चुकून येत, तिथे बकुळा आपल्या आत्याबरोबर राहायची. अंगावर एकच परकर, तोही असा विटका, की आपला मूळ रंग कोणता हे त्या बिचाऱ्यालाच आठवत नसेल! त्यात मुंगसाने त्यांची एकुलती एक कोंबडी नेली. चुलीपाशी उबेला ठेवलेली अंडी मात्र फुटली, आणि सात पिवळीधमक पिल्लं बाहेर आली.

पण पिल्लं कणी टिपेनात. दाणा कसा टिपायचा हे दाखवायला आईच नव्हती ना!

"पोटातला बलक तीन दिवस पुरतो गं," आत्या म्हणाली. "आज तिसरा. दिवस मावळायच्या आत एक दाणा तरी पोटात गेला पाहिजे."

पिल्लांचं डालं आणि मूठभर कणी घेऊन बकुळा विहिरीपाशी अबोलीच्या ताटव्यात बसली आणि रडू लागली. तोच विहिरीच्या पलीकडच्या काठावर बोटभर उंचीची एक परी उतरली. तिच्या झग्याची किनार लालचुटुक, लुकलुकणारी.

"तीन इच्छा माग, बाळ. पण दिलेली इच्छा परत घेता येत नाही. आणि तुझ्या इच्छेशिवाय मला इथून हलताही येत नाही."

एक इच्छा बकुळाने मनात परकरासाठी राखून ठेवली. लाल, नवाकोरा!

"कणी सोन्यासारखी चमकू दे."

कणी चमचम चमकली. पिल्लांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मावळतीचं ऊन नारळाच्या शेंड्यावर चढलं होतं.

"मग मला क्षणभर त्यांच्या डोळ्यांनी बघू दे!"

आणि झाडं, आभाळ, सोनेरी कणी, सगळं फिकं पडलं. उरला एकच सुंदर ठिपका: लाल, इवलासा, हलणारा. परीच्या झग्याची किनार!

बकुळाने डोळे चोळले, तर डालं उपडं पडलेलं. सातही पिल्लं त्या लाल ठिपक्याकडे धावत सुटली होती. मध्ये बिनकठड्याची विहीर! पहिल्याचा पाय काठावरून घसरला.

"परी, दिसेनाशी हो!" बकुळा किंचाळली. "हीच माझी इच्छा!"

"मग परकर?"

"नको मला परकर! जा!"

लख्ख उजेड झाला. त्या उजेडातून हळूच आवाज आला, "तू मागितलं नाहीस, तेवढं ठेवून जाते, बाळ."

पिल्लं जागीच थबकली. बकुळाने झडप घालून काठावरचं पिल्लू उचललं. पाहते तो काय, तिच्या बोटाच्या नखावर एक लाल थेंब लुकलुकत होता!

तिने ते बोट कणीत आपटलं. टक्, टक्. कोंबडी टिपते तसं. एक पिल्लू आलं. त्याने नखाकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि टक्! दाणा गट्टम. मग दुसरं आलं, मग सगळीच.

"आत्या, खाल्लं गं! सातांनी खाल्लं!"

आत्या धावत आली तेव्हा सूर्य टेकला होता आणि बकुळा हसत, रडत बसली होती. पोट भरलेली सातही पिल्लं तिच्या विटक्या परकराखाली शिरून झोपली होती. त्यांना विचाराल, तर त्याहून सुंदर परकर त्यांनी आजवर पाहिलेला नाही.