मानाचं नाणं

नाणी हातोड्याने घडत आणि राजे हत्तीवरून हिंडत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी एकदा ऐकावी, मोठ्यांनी दोनदा. कारण घोळ मोठेच घालतात.

एका गावाला राजाने चांदीची दोन नाणी दिली होती. एक मानाचं, ते दरबारात दाखवलं की गावाची एक मागणी मान्य व्हायची. दुसरं साधं, बाजारात चालणारं, पण टाकसाळीतून थेट आलेलं, कोरं करकरीत. शहाण्या गावकऱ्यांनी दोन्ही एकाच डबीत ठेवली आणि कोणतं कुठलं ते विसरून गेले.

पुढे प्रधानाने हुकूम काढला, की गावचं तळं आता राजाच्या हत्तींना डुंबायला हवं. गावाला दुसरं पाणी नव्हतं. आता मानाचं नाणंच काय ते तळं वाचवणार होतं. पण राजवाड्याचा पहारेकरी नाणं एकदाच बघे. साधं निघालं, तर त्या गावाला पुन्हा दारात उभं करत नसे.

डबी उघडली. दोन्ही नाणी लखलखत होती. झालं, जो तो पारखी झाला. वाण्याने तोलून पाहिली, वजन सारखंच. सोनाराने घासून बघायला कसोटीचा दगड काढला. एकाने तर चावून बघायला तोंड उघडलं.

"हात लावू नका, नुसतं बघा," एक म्हातारी म्हणाली. तिने तीस वर्षं टाकसाळीत झाडलोट केली होती.

"आजी, तू गप बस. झाडणारीला नाण्यातलं काय कळतंय?" पाटील म्हणाले.

मग तीन दिवस वाद चालला. मला तो सांगायचासुद्धा कंटाळा येतो, त्यांना घालायचा आला नाही. चौथ्या दिवशी माहूत तळं बघायला आले, तेव्हा कुठे म्हातारीला बोलावणं गेलं.

तिने दोन्ही नाणी उजेडात काळ्या घोंगडीवर ठेवली. "साध्या नाण्यावर ठसा एकदा मारतात आणि ढिगात टाकतात. हे बघा, सगळीकडून सारखंच चमकतंय, आणि ढिगातले बारीक ओरखडेही आहेत. मानाच्या नाण्याची चकती आधी घोटून आरशासारखी करतात. मग ठसा दोनदा मारतात, आणि नाणं चिमट्याने उचलतात. त्यात तुमचं तोंड दिसेल. वरचा राजा मात्र दह्यासारखा पांढरा, बिनचमकीचा."

पाटील वाकले. एका नाण्यात त्यांना आपल्या मिशीचा केस न् केस दिसला.

"हेच ते. आता कापसात गुंडाळून असंच न्या," म्हातारी म्हणाली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण पाटलांना चैन पडेल तर ना. सगळं नाणं चमकतंय आणि राजाचंच तोंड मळकट, हे काही त्यांना बघवेना. त्यांनी रांगोळीची पूड घेतली आणि सणाला चांदीची भांडी घासतात तसं नाणं खसाखसा घासलं. मग मोठ्या ऐटीत राजवाड्याच्या दारात गेले.

पहारेकऱ्याने नाणं उजेडात तिरपं धरलं. त्यात तोंड दिसेना. राजाही पांढरा दिसेना. सगळीकडून सारखीच चमक, आणि भरीला ओरखडे.

"हे बाजारातलं," तो म्हणाला.

"अहो, मानाचंच आहे. मी स्वतः घासलंय."

"घासलेलं दिसतंयच," पहारेकरी म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

आता तळ्यात हत्ती डुंबतात आणि सगळं गाव दोन कोसांवरून पाणी आणतं. म्हातारीसुद्धा आणते. तिचा काय दोष होता, सांगा. मला राग येतो तो याचाच.

एकदा डोक्यावर घागर घेऊन चालताना पाटलांनी तिला विचारलं, "आजी, पण राजाच्या तोंडावर तो डागच होता ना?"

"डाग नव्हता, पाटील," म्हातारी म्हणाली. "तीच तर कारागिरी होती."

तात्पर्य: जे आपल्याला कळलेलं नाही, ते सुधारायला जाऊ नये.