जाळीत अडकलेला पाय

आता गोदाम आहे तिथे पूर्वी नझीरमिस्त्रींचे वर्कशॉप होते. तिथला एलपीजी सिलिंडर रोज जाड पत्रे कापायला जाई आणि कोपऱ्यातल्या ॲसिटिलीन वायूच्या सिलिंडरला चिडवी, "काय ताई, आजही सुट्टीच का?"

एके दुपारी दारातल्या गटाराच्या लोखंडी जाळीत वासराचा पाय अडकला. मिस्त्रींनी पायाला ओले पोते गुंडाळले आणि सवयीने एलपीजीच पेटवला.

वासरू थरथरत होते. ते पाहून एलपीजी हळूच म्हणाला, "ताई, मी लोखंड सावकाश आणि पसरून तापवतो. याचा पाय भाजेल. तुझी आच एका ठिपक्यावर लागते. तू जा." आणि फट् आवाज करून तो स्वतःच विझला.

 मग मिस्त्रींनी ॲसिटिलीनची नळी जोडली. जाळीचा गज चटकन तुटला आणि वासरू आईकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाड पत्रे आले. निघताना एलपीजी कोपऱ्याशी थांबून म्हणाला, "ताई, येतो हं."