चिमाक्काचं कुंड

फार वर्षांमागं टेंभुरणवाडीत लागोपाठ तिसरा पाऊस चुकला. आड आटला. भांडी विसळलेलं पाणीही लोक जपू लागले. तेव्हा चिमाक्का परटिणीनं गावाच्या न्हाणीचं, धुण्याचं पाणी एका चरात वळवलं. चरातून ते गोट्यांच्या खड्ड्यात, तिथून वाळूच्या, मग कोळशाच्या आणि शेवटी दगडी कुंडात उतरे. कुंडात तिनं मासे सोडले. मासे जगले तरच पाणी घ्यायचं, असा तिचा नेम. ते उकळून सारं गाव प्यायलं. वर्षभर कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही, असं म्हणतात.

मग एका सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

पाणी नितळ होतं, वास नव्हता. मासे का मेले, तिला कळेना. ती विळा घेऊन वाट अडवून उभी राहिली.

बाया घागरी घेऊन आल्या. "चिमे, लेकरं सुकली. सरक बाजूला!"

"मासे मेलेत."

"मग कालवण कर!"

दुपारी पाटील आला. घरी लेकाचं लग्न, दारात वऱ्हाड तहानलेलं. "परटिणी, तुझ्या बापाचं पाणी आहे का?" त्यानं धोंडा मारला. कपाळ फुटलं. मासे उगाच मेले असतील तर लेकरं आपल्यापायी मरतील, अशी भीती तिला वाटत होती. तरी ती हलली नाही. त्या दिवशी तिची सावलीही सरकली नाही, असं म्हणतात.

तेवढ्यात नवरदेवाची घोडी दावं तोडून कुंडाशी गेली आणि पोटभर प्याली. तिच्यामागं धावलेला नवरदेवही ओंजळ भरून वाकला. चिमाक्कानं विळ्याची मूठ त्याच्या हातावर हाणली. पाणी सांडलं. घोडी पाय झाडत तिथंच पडली, ती उठली नाही.

मग गावचा रंगारी पुढं आला. "पाटील, लग्नाचे फेटे रंगवले, ती रंगाची काहील मी चरात धुतली. मोरचुदाचं विष होतं त्यात."

चिमाक्कानं खड्डे उपसले, वाळू बदलली, नवा कोळसा पाडला. तोवर गाव दिवसभर चालून डोंगरापलीकडच्या नदीवरून पाणी आणत राहिलं. पाटीलही.

आता तिथं सिमेंटच्या टाक्या आहेत. वापरलेलं पाणी शुद्ध होतं, तपासून येतं, त्यावर गाव जगतं. पण टाकी धुतली की नळ सरपंच सोडत नाही. परटाच्या घरची बाई चावीपाशी उभी राहते. लोक रिकाम्या घागरी घेऊन गप्प थांबतात. ती चिमाक्काचं नाव घेऊन "सोडा" म्हणाली, तरच पाणी सुटतं.

एका साली ती "नाही" म्हणाली. गाव तहानलेलं परत गेलं. कुणी का म्हणून विचारलं नाही.