फ्रीज कुठे आहे?

“बाळाचं नाव लोक मागाहून विचारतात गं, आधी दवाखान्याचं विचारतात.”

एकदा एका सुनेच्या कानावर हे वाक्य पडलं. ते तिच्यासाठी नव्हतं. सासूबाई पुढच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि सून मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मध्ये भिंत होती, पण सासूबाईंचा आवाज भिंतींना फारसा जुमानत नसे.

सुनेचं नाव शाल्मली. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि सहावा महिना लागला होता. स्वभावाने ती अबोल. अबोल माणसाला एक लाभ असतो, त्याच्यादेखत लोक मोकळेपणाने बोलतात आणि त्यामुळे त्याला पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात. शाल्मलीला कळलं होतं ते असं, की तिच्या बाळंतपणावरून दोन घरांत एक अत्यंत सभ्य युद्ध चालू आहे.

सासूबाईंना गावाबाहेरच्या रस्त्यावरचं नवं खासगी प्रसूतिगृह हवं होतं. तिथे स्वतंत्र खोली होती, दारात काचेच्या पेटीत रंगीत मासे होते आणि बाळाला घेऊन फोटो काढण्यासाठी कागदी फुलांची एक कमान होती. शाल्मलीची आई दोन गल्ल्या पलीकडेच राहत असे. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे निवड आपली, अशी तिची समजूत, आणि तिची निवड सरकारी रुग्णालयाची. तिची स्वतःची तिन्ही बाळंतपणं तिथेच झाली होती.

“मला काय झालं तिथं?” आई म्हणे. “तिन्ही वेळा चौथ्या दिवशी चालत घरी आले.”

“तुम्ही आलात हो विहीणबाई चालत,” सासूबाई म्हणत. “आमच्या सुनेनं का म्हणून चालावं?”

मग चहा होई, चिवड्याची बशी फिरे आणि विषय पुढच्या रविवारपर्यंत तहकूब होई. शाल्मलीचा नवरा दोघींच्याही बोलण्यावर मान हलवी. त्या दिवसांत त्याच्या मानेला उत्तम व्यायाम झाला.

या सगळ्यात एक कागद होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला होता. आकडा होता साडेसात. “फार कमी आहे,” त्या म्हणाल्या होत्या. “गोळ्या चुकवू नकोस. आणि घरी सांग, बाळंतपणाच्या वेळी रक्त चढवायची तयारी हाताशी हवी.”

शाल्मलीने घरी सांगितलंही. जेवताना ती म्हणाली, “माझं रक्त कमी आलंय.” सासूबाईंनी मायेने तिच्या ताटात बीटची कोशिंबीर वाढली. दुसऱ्या दिवशी आईने खजुराचा डबा पाठवला. कागद देव्हाऱ्याजवळच्या फायलीत गेला आणि चर्चा पुन्हा माशांच्या पेटीवर आली. तयारीचं वाक्य शाल्मलीच्या तोंडातच राहिलं. मनात मात्र ते गप्प बसलं नाही. भाजी चिरताना, केस विंचरताना ते मध्येच वर येई आणि तिचे हात थांबत.

त्याच गावात द्वारकाबाई नावाच्या एक वृद्ध परिचारिका राहत. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे गावातली मोठाली माणसंही त्यांच्यासमोर आली की जराशी लहान होत. दुपारी त्या आसपासच्या मुलींना झबली-टोपरी शिवायला शिकवत. शाल्मली ही त्यांची अलीकडची शिष्या. बाळाच्या कपड्याची शिवण बाहेरून घालायची, आत आली तर टोचते, हा पहिला धडा तिने एका दुपारी आत्मसात केला होता.

एके दिवशी तिला सुईत दोरा ओवता येईना. तीनदा प्रयत्न झाला. द्वारकाबाईंनी सुई बाजूला ठेवली, तिची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढून पाहिली.

“किती आहे?”

“साडेसात.”

“घरात कुणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना.”

“मग?”

“बीट वाढतात. लाल गोलाचा कागद देव्हाऱ्याजवळच्या फायलीत आहे.”

द्वारकाबाई हसल्या. “बीट वाईट नाही. गोळ्या घेतेस ना?”

“घेते.”

“भीती वाटते?”

शाल्मलीने हातातलं झबलं उगाच दोनदा घडी घालून उलगडलं.

“उद्या दोन्ही विहिणींना घेऊन ये,” द्वारकाबाई म्हणाल्या. “दवाखाने बघायला जाऊ.”

हे ऐकून दोन्ही घरांत आनंद झाला. द्वारकाबाई आपल्याच बाजूने निकाल देणार, याविषयी दोघींच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका रिक्षात चौघी बसल्या. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती.

आधी खासगी प्रसूतिगृह आलं. फरशी अशी लखलखीत, की आईने नकळत चपला काढल्या आणि सासूबाईंनी डोळ्यांनीच त्या पुन्हा घालायला लावल्या. स्वागतकक्षातल्या मुलीने खोल्यांची माहितीपत्रिका पुढे केली. द्वारकाबाईंनी ती उघडलीसुद्धा नाही.

“बाळ,” त्यांनी विचारलं, “तुमचा फ्रीज कुठे आहे?”

मुलगी क्षणभर गोंधळली, मग लगबगीने आत गेली आणि ट्रेमधून गार कोकम सरबताचे चार पेले घेऊन आली. द्वारकाबाईंनी आपला पेला शांतपणे संपवला. सासूबाई त्यांच्या कानाशी लागून पुटपुटल्या, “अहो बाई, तहान लागली होती तर माझ्या पिशवीत बाटली होती की.”

“सरबत छान होतं,” द्वारकाबाई मुलीला म्हणाल्या. “पण हा फ्रीज नाही गं. दुसरा.”

“दुसरा नाहीये, आजी.”

इतक्यात तिथल्या तरुण डॉक्टर बाहेर आल्या. द्वारकाबाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. डॉक्टरांना मात्र अर्थ तत्काळ उमगला.

“नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “इथे ठेवत नाही. लागलंच तर जिल्ह्याहून मागवतो. आमची गाडी तयार असते, तरी दोन तास धरा.”

द्वारकाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या निघाल्या. आई आणि सासूबाई एव्हाना फुलांच्या कमानीपाशी गेल्या होत्या. इथे उभं राहिलं तर फोटोत कोण कुठे येईल, हे सासूबाई समजावून सांगत होत्या आणि आई, पटत नसूनही, जागा बदलून बघत होती. डॉक्टरांचं उत्तर ऐकलं ते एकट्या शाल्मलीने.

सरकारी रुग्णालयाच्या दारातच गर्दी लागली. कुणी पोळीभाजीचा डबा सोडून बसलं होतं, कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर झोपलं होतं. प्रसूतिकक्षाच्या दारात एक सिस्टर खड्या आवाजात सांगत होती, “बाळंतिणीपाशी एकच बाई. एकच. मावशी, तुम्ही तिसऱ्या आहात, बाहेर या.” सासूबाईंनी नाकाला पदर लावला. आईची छाती मात्र अभिमानाने भरून आली. “हाच बाक,” ती म्हणाली, “शाल्मलीच्या वेळी हिचे वडील ह्याच बाकावर झोपले होते.”

“तुमचा फ्रीज कुठे आहे?” द्वारकाबाईंनी सिस्टरला विचारलं.

सिस्टरने त्यांना ओळखलं. आवाज एकदम अर्ध्यावर आला. “या ना बाई, इकडे.”

प्रसूतिकक्षाला लागूनच एक छोटी खोली होती. आत काचेच्या दाराचं एक उंच शीतकपाट, त्यात फळ्यांवर रक्ताच्या पिशव्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येक फळीवर रक्तगटाची चिठ्ठी. दारावर एक तक्ता चिकटवलेला, त्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान पेनाने लिहिलेलं. द्वारकाबाईंनी चष्मा लावला आणि आजच्या सकाळचा आकडा लिहिलेला आहे का, ते पाहिलं. लिहिलेला होता.

“दोन वेळा स्वतः बघतो बाई,” तिथला कर्मचारी म्हणाला. “बायको म्हणते, तिथला फ्रीज एवढा जपता, घरातल्याचं दार कधी नीट लावलंत का?”

“तीनदा इथं बाळंत झाले,” आई हळूच म्हणाली, “पण हे कपाट कधी पाहिलं नाही.”

चौघी बाहेर येऊन आवारातल्या कट्ट्यावर टेकल्या. दोघी विहिणींचा धीर आता सुटला होता.

“बाई, आम्ही तुमच्याबरोबर दवाखाने बघायला आलो,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तुम्ही फ्रीज बघत हिंडलात. आमचं काही चुकलं का?”

द्वारकाबाई म्हणाल्या, “तुमच्या सुनेच्या कागदावर एक लाल गोल आहे. तो तुमच्या देवाने वाचला असेल, तुम्ही दोघींनी वाचलेला नाही. हिचं रक्त साडेसात आहे. बाळंतपण सरळ झालं तर दोन्ही जागा सारख्याच. पण काही वाकडं झालं तर पिशवी भिंतीपलीकडे आहे की दोन तासांवर, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून मी फ्रीज विचारला.”

सासूबाईंच्या नाकावरचा पदर खाली आला. “म्हणजे ते प्रसूतिगृह वाईट?”

“मुळीच नाही. ती डॉक्टर गुणी आहे. विचारलं ते खरं सांगितलं, गोड करून नाही सांगितलं. हिचं रक्त भरपूर असतं आणि गर्दीने जीव घाबरा होत असता, तर मीच हिला तिकडे पोचवून आले असते. इथे ओरडा खावा लागेल, चादर घरून आणावी लागेल. दवाखाना चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुणासाठी, हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. तुम्ही लोकांच्या नजरेतलं बाळंतपण बघत होतात. ह्या विहीणबाई आपलं स्वतःचं, तीस वर्षांमागचं. आणि जिला बाळंत व्हायचं आहे ती मधोमध बसून मेथी निवडत होती.”

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “आम्ही काय हिचं वाईट चिंतत होतो का, बाई?”

“नाही हो. चांगलंच चिंतत होतात. फक्त तिच्याकडे पाठ करून.” द्वारकाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला. “आणि मीसुद्धा निकाल देणार नाही. मला जे बघता आलं ते मी दाखवलं. जायचं तिला आहे, तिला विचारा.”

दोघी विहिणी शाल्मलीकडे वळल्या. गेल्या सहा महिन्यांत हे प्रथमच घडत होतं. पण उत्तराची वाट पाहण्याची दोघींनाही सवय नव्हती. तिने श्वास घेतला, तेवढ्यात आई म्हणाली, “इथं आलीस तर तुझ्यापाशी मी थांबेन. मला इथलं सगळं माहितीये.”

“तुमचं माहितीये ते तीस वर्षांपूर्वीचं,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “एकच बाई सोडतात ना आत? मग मी थांबते. त्या सिस्टरशी माझाच आवाज जुळेल.”

“पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, विहीणबाई.”

“असू दे की. सून कुणाची आहे?”

द्वारकाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला आणि आपल्या शिष्येकडे पाहिलं. शाल्मली कट्ट्यावरून उठून दोघींच्या समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज तिला स्वतःलाही थोडा अनोळखी वाटला, पण तो कापत नव्हता.

“आई, सासूबाई, मला गर्दीची भीती वाटत नाही, वाट बघायची वाटते. म्हणून मी इथेच येणार आहे. दुपारपर्यंत आई थांबेल, दुपारनंतर तुम्ही. आणि आता आत जाऊन दोघींनी आपापला रक्तगट तपासून घ्यायचा. भांडायचंच असेल, तर माझ्याशी कुणाचं जुळतं यावर भांडा.”