साळुंकीचं शेपूट

फार जुन्या काळी, म्हातारे वाघही गादी सोडत नसत तेव्हाची ही गोष्ट. रानात कायदा होता: राजाची फुशारकी नदीपलीकडच्या लांडग्यांना ऐकवावी, घरच्या प्रजेला नाही. साळुंकी रोज पलीकडे जाऊन सांगे, "आमचा राजा कधीच झोपत नाही."

"साळूबाई, इथेही सांगा," एकदा वाघ म्हणाला. "माझं घोरणं ऐकून प्रजा कुजबुजते."

साळुंकीनं कायदा गुंडाळून ठेवला आणि रानभर सांगितलं. हरणांनी पहारा सोडला. पुढे सशाच्या तोंडून तीच गोष्ट ऐकल्यावर साळुंकीही अगदी खालच्या फांदीवर निर्धास्त झोपली. लांडग्यांना मात्र ती गोष्ट कधीच पटली नव्हती. ते आले.

"शेपूट कुठे गेलं?" असं तिला अजून विचारतात. ती म्हणते, "थाप माझीच होती हो. पण ससा इतक्या खात्रीनं सांगत होता."